खोबरेलावर उडालेले जंबो

24 फेब्रुवारी 2008 रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून व्हर्जिन अटलांटिकचे बोइंग 747 अ‍ॅमस्टरडॅमला निघाले. चार इंजिनांपैकी एकाला नेहमीच्या इंधनात 20 टक्के जैवइंधन मिसळून दिले होते. हे जैवइंधन नारळाच्या आणि ब्राझीलमधल्या बाबासू पामच्या तेलापासून केलेले. खोबरेलावर जंबो उडाले, म्हणून वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळाला. पर्यावरणवाद्यांनी जाहिरातबाजी म्हणून नाके मुरडली. दोघांचेही चूक नव्हते. मात्र या खटाटोपात विमान बनवणारी बोइंग, इंजिन बनवणारी जीई आणि इंधन पुरवणारी इम्पेरियम रिन्यूएबल्स एकत्र आल्या होत्या. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हतेच.

कारण खरी अडचण विमानाच्या पोटात होती. मोटारीत चालणारे बायोडिझेल उंचावरच्या थंडीत गोठते. विमानांचे केरोसीन, म्हणजे जेट ए-1, उणे 47 अंशांपर्यंत गोठता कामा नये. म्हणून तेलातला ऑक्सिजन हायड्रोजनच्या मदतीने काढून, उरलेल्या लांब साखळ्या तोडून केरोसीनसारखेच इंधन तयार करण्याची पद्धत पुढे आली. त्यातही एक गोम निघाली. खनिज केरोसीनमधल्या अ‍ॅरोमॅटिक संयुगांमुळे इंधनवाहिन्यांच्या सांध्यांतली रबरी सील फुगतात आणि घट्ट बसतात. नव्या इंधनात ही संयुगे जवळजवळ नसतातच. ते निव्वळ भरले, तर जुन्या विमानांत गळतीची भीती. मिश्रणाला 50 टक्क्यांची मर्यादा पडली, त्यामागे हेही एक कारण होते.

जुलै 2008 मध्ये कच्चे तेल पिंपाला 147 डॉलरवर गेले आणि तिकिटांसाठी एकमेकींशी भांडणाऱ्या विमान कंपन्यांनाही शहाणपण सुचले. सप्टेंबरमध्ये त्यांनी बोइंगला धरून अशा इंधनाच्या वापरासाठी संयुक्त गट स्थापन केला. डिसेंबरअखेर एअर न्यूझीलंडने ऑकलंडला 747 च्या एका इंजिनात निम्मे इंधन मोगली एरंडाचे वापरले. ते तेल मलावी, मोझांबिक, टांझानिया आणि भारतातल्या बियांचे. साधारण आठवड्याभराने कॉन्टिनेंटलने ह्यूस्टनमध्ये शेवाळाचे तेलही जोडीला घेतले. वैमानिकांनी हे इंधन घेणारे इंजिन हवेतच बंद करून पुन्हा सुरू करून पाहिले.

एवढे करूनही असे इंधन रोजच्या फेऱ्यांत वापरायचे, तर कागदावर मान्यता हवी होती. अमेरिकेच्या एएसटीएमने 2009 मध्ये पर्यायी इंधनासाठी मानक काढले आणि 1 जुलै 2011 रोजी त्यात वनस्पती तेल व चरबीपासूनच्या इंधनाची भर घातली. उड्डाणांच्या छायाचित्रांपेक्षा या रटाळ कागदाचे मोल अधिक. त्याच सुमारास केएलएमने 171 प्रवासी अ‍ॅमस्टरडॅमहून पॅरिसला नेले. त्या विमानाच्या इंधनात तळणीचे वापरलेले तेल होते.

मोगली एरंडाने मात्र निराशा केली. माळरानावर तो जगतो हे खरे. पण जगणे वेगळे आणि पोती भरतील इतके बी देणे वेगळे. तरीही भारताने पहिले पाऊल त्याच्याच जोरावर टाकले. ऑगस्ट 2018 मध्ये स्पाइसजेटचे विमान डेहराडूनहून दिल्लीला गेले, तेव्हा 25 टक्के जैवइंधनाचे ते मिश्रण डेहराडूनच्याच भारतीय पेट्रोलियम संस्थेचे होते. मे 2023 मध्ये एअरएशिया इंडियाचे विमान जैवइंधन मिसळलेले इंधन घेऊन पुण्याहून दिल्लीला गेले. त्यातले जैवइंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून तयार केले होते आणि इंडियन ऑइल त्यात भागीदार होती.