वंशावळीतील शिपाई

कुलवृत्तान्त ही केवळ जन्ममृत्यूंची यादी नव्हे, तो कुळाचा इतिहास होय. तथापि आपल्या वंशावळी चाळल्या असता एखाद्या पूर्वजाच्या नावापुढे ‘लढाईत गेला’ एवढीच नोंद आढळते. लढाई कोणती, पलटण कोणती, देह कोठे पडला, याचा उल्लेख नसतो. ही उणीव आता भरून काढली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कूट हे गाव तुर्की सैन्याने वेढिले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. आत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न सरत आले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. धर्मभावनेने कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारिले. अखेर सैन्य शरण गेले आणि पुढे बंदिवासात असंख्य शिपाई मृत्यू पावले. ११७ व्या पलटणीस १९२१ साली ‘रॉयल’ ही पदवी मिळाली.

पदवी पलटणीस मिळाली. शिपायास काय मिळाले? बसरा येथे १९२९ साली उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. आपल्याकडील कित्येक गावांतील शिलालेखांवरही गावातून किती गेले व किती पडले, एवढेच आहे. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली जाहीर क्षमा मागितली.

परक्या सरकारच्या चाकरीचा गौरव कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु आम्ही साम्राज्याचा गौरव करा म्हणत नाही. घर जगविण्यासाठी समुद्रापार गेलेल्या आपल्या माणसाची ओळख ठेवा, एवढेच म्हणतो.

शोधाचा मार्ग अवघड नाही. त्या युद्धातील शिपायांना मिळालेल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उठविलेली असते. म्हणून घरातील जुने पदक आटविण्यापूर्वी त्याची कड वाचावी. आयोगाच्या नोंदींत मृत शिपायांची नावे शोधता येतात. कित्येकदा पित्याचे नाव व गावही सापडते. मागे राहून संसार ओढणाऱ्या पत्नीचे नाव त्याच ओळीत अवश्य लिहावे. मात्र अभिमानाच्या भरात शिपायाचा सुभेदार करू नये. खरी नोंद हाच खरा सन्मान होय.

प्रत्येक कुटुंबाने अशी माहिती पडताळून संस्थेकडे धाडावी, ही विनंती. सरकारने संख्या लिहिली. नाव लिहिण्याचे काम घरच्यांचे आहे.