मोटारीच्या छताचे अस्तर

मोटारीच्या छताचे अस्तर म्हणजे मोटारगाडीच्या पत्र्याच्या छताला आतील बाजूने लावलेले आच्छादन होय. ते कापडाचे, रेक्झिनचे किंवा विणलेल्या कृत्रिम धाग्यांचे असते. गॅरेजांत व बोलीभाषेत त्याला ‘रूफ लायनिंग’ असे म्हणतात. जुन्या मोटारींत हे अस्तर कालांतराने आधारापासून सुटते आणि प्रवाशांच्या डोक्यावर झोळीसारखे लोंबू लागते. डिंक सुटल्यामुळे असे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र ज्या मोटारींत साच्यातील फळीवर फोमयुक्त कापड चिकटवलेले असते, त्यांत हा दोष बहुधा कापडामागील फोमच्या थराचा चुरा झाल्यामुळे उद्भवतो. दुरुस्तीची योग्य पद्धत या कारणावरूनच ठरते.

कार्य

अस्तरामुळे छताचा उघडा पत्रा, त्यावरील जोड आणि दिव्यांच्या तारा झाकल्या जातात. उन्हाने तापलेल्या पत्र्याची उष्णता आत येण्यास ते काही प्रमाणात अडथळा करते. पावसाचे थेंब, वारा व इंजिन यांचा आवाज ते शोषून घेते. थंड हवेत श्वासातील बाष्प गार पत्र्यावर गोठून त्याचे थेंब प्रवाशांवर पडू नयेत, यासाठीही त्याचा उपयोग होतो. अपघातात डोके छतावर आपटल्यास अस्तराचा थर आघात थोडा सौम्य करतो. अलीकडील अनेक मोटारींत बाजूच्या पडदा-एअरबॅग अस्तराच्या कडेमागे बसवलेल्या असतात.

इतिहास

आरंभीच्या मोटारी बहुधा उघड्या किंवा घडीच्या कापडी टपाच्या असत. बंदिस्त मोटारी आल्यानंतरही कित्येक वर्षे छताचा मधला भाग लाकडी चौकटीवर ताणलेल्या जलरोधक कापडाचा असे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३५ सालच्या मॉडेलांपासून ‘टरेट टॉप’ या नावाने एकसंध पोलादी छत आणले. पुढे अशी छते सर्वत्र रूढ झाली. पोलादी पत्रा उन्हात तापतो व पावसात घुमतो, त्यामुळे आतील अस्तराचे महत्त्व वाढले.

त्या काळातील अस्तर शिवलेले असे. कापडाच्या मागे ठरावीक अंतरावर नळीसारख्या पट्ट्या शिवून त्यांतून पोलादी तारांच्या कमानी ओवत आणि कमानींची टोके छताच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत अडकवत. फोक्सवॅगन बीटल आणि १९६० च्या दशकातील फोर्ड मस्टँग ही या पद्धतीची परिचित उदाहरणे आहेत.

१९७० व १९८० च्या दशकांत साच्यात दाबून तयार केलेल्या फळीची पद्धत पसरली. ही फळी काचतंतू, लगदा किंवा तत्सम पदार्थांची असते. तिच्यावर फोमचा पातळ थर असलेले कापड कारखान्यातच चिकटवतात आणि तयार फळी गाडीत अखंड बसवतात. यामुळे जोडणीचा वेळ वाचला. मात्र कापड जागेवर राहणे फोमच्या आयुष्यावर अवलंबून राहिले. साब ९०० व व्होल्वो २४० या गाड्या जतन करणाऱ्या हौशी मालकांना लोंबणाऱ्या अस्तराचा दोष चांगलाच परिचित आहे.

अस्तर लोंबण्याची कारणे

साच्यातील अस्तराचे तीन थर असतात. वर कडक फळी, खाली दिसणारे कापड आणि या दोहोंमध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम. कापड व फोम एकमेकांना आधीच जोडलेले असतात आणि फोमची मागील बाजू फळीला चिकटवलेली असते.

पॉलियुरेथेनचे रसायनशास्त्र ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत विकसित केले. या बहुवारिकाचे मऊ फोम हलके व स्वस्त असले, तरी ते चिरकाल टिकत नाहीत. पॉलिएस्टर प्रकारच्या फोमचे हवेतील आर्द्रतेमुळे जलीय विच्छेदन होते, तर पॉलिइथर प्रकारच्या फोमचे प्रकाश व ऑक्सिजन यांमुळे ऑक्सिडीकरण होते. दोन्ही क्रिया उष्णतेने जलद होतात. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा तासाभरात २० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापू शकते आणि छताचा पत्रा त्याहूनही गरम होतो. वर्षानुवर्षे हे चक्र चालल्यावर फोमची लवचिकता जाते. प्रथम तो चिकट व पिवळसर होतो आणि नंतर बोट लावताच त्याची भुकटी होते. संग्रहालयांतील प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या जतनातही पॉलियुरेथेन फोमचा हा ऱ्हास एक मोठी समस्या ठरला आहे.

सुटलेला कोपरा थोडा उचलून पाहिल्यास कारण स्पष्ट होते. फळीवर व कापडाच्या मागे, दोन्हीकडे फोमचा तपकिरी किंवा पिवळा चुरा आढळला, तर फोम मधोमध फाटला असून डिंक आपल्या जागी शाबूत आहे असे समजावे. फोम अखंड राहून केवळ कडा सुटली असेल, तर दोष डिंकाचा असतो. अस्तरावर पाण्याचे डाग असल्यास पुढच्या काचेचे रबर, सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या किंवा छताचे जोड यांतून होणारी गळती आधी बंद करावी लागते. अन्यथा नवे अस्तरही लवकर खराब होते.

तात्पुरते उपाय

लोंबणारे कापड टाचण्यांनी किंवा पिळाच्या पिनांनी फळीला टोचणे, वाफ देऊन दाबणे, सुईने आत डिंक सोडणे असे उपाय प्रचलित आहेत. डिंकाचे उपाय थोडाच काळ टिकतात, कारण नवा डिंक फोमच्या भुकटीला चिकटतो आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते. शिवाय पातळ कापडातून डिंक झिरपून कायमचे डाग पडतात. पिनांनी कापड काही काळ वर राहते, परंतु पिनांच्या मधला भाग पुन्हा फुगतो. पूर्ण दुरुस्ती होईपर्यंत आरशातील दृश्य मोकळे ठेवण्यापुरताच त्यांचा उपयोग आहे.

दुरुस्तीची पद्धत

साच्यातील अस्तराची टिकाऊ दुरुस्ती म्हणजे जुने कापड व फोम पूर्णपणे काढून फळीवर नवे फोमयुक्त कापड चढवणे. काम दोन व्यक्तींनी केल्यास फळी मोडण्याचा धोका कमी होतो.

फळी काढणे: प्रथम बॅटरीची जोडणी सोडवतात. त्यानंतर सन व्हायजर, हाताच्या मुठी, छतावरील दिवा, कपड्यांचे आकडे आणि खांबांवरील प्लॅस्टिकची आवरणे काढतात. दरवाजांचे रबर कडेपुरते खाली ओढतात. फळी शेवटी केवळ काही खिट्ट्यांवर राहते. पुढच्या आसनांच्या पाठी पूर्ण मागे टेकवून ती मागच्या झडपेतून किंवा पुढच्या दरवाजातून बाहेर घेतात. फळी वाकवल्यास तिला चीर पडते, म्हणून ती सपाट धरूनच फिरवावी लागते.

साफसफाई: कापड सोलून काढल्यावर फळीवर उरलेला फोम मऊ ब्रशने घासून काढतात. हा टप्पा कंटाळवाणा असला, तरी दुरुस्तीचे यश याच टप्प्यावर अवलंबून असते. हात फिरवल्यावर भुकटी लागेनाशी होईपर्यंत घासावे लागते. फार जोर दिल्यास फळीचे तंतू उखडतात आणि ते खड्डे नव्या कापडातून दिसतात. पडलेल्या चिरा मागच्या बाजूने काचतंतूचे कापड व रेझीन लावून सांधतात.

कापड निवडणे: नवे कापड मोटारीच्या अस्तरासाठीच बनवलेले, मागे फोम असलेले व थोडे ताणले जाणारे असावे. फोम नसलेल्या पातळ कापडातून फळीचा प्रत्येक खवला दिसतो आणि न ताणले जाणारे कापड खोलगट भागांत बसत नाही. चारही बाजूंना ५ ते ८ सेंटिमीटर कापड जास्त ठेवतात.

चिकटवणे: यासाठी उष्णता सहन करणारे संपर्क-आसंजक वापरतात. ते फळीवर व फोमवर, अशा दोन्ही पृष्ठभागांवर समप्रमाणात फवारतात आणि विद्रावक उडून जाऊन थर बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत थांबतात. घरगुती वापराचा साधा फवारा-डिंक उन्हाळ्यात मऊ होतो व कापड पुन्हा सुटते. कापड फळीवर नीट मांडून त्याचा अर्धा भाग उलटा दुमडतात, त्या अर्ध्या भागाला आसंजक लावतात आणि मध्यापासून कडेकडे तळहाताने सावकाश बसवत नेतात. नंतर दुसरा अर्धा भाग तसाच बसवतात. खोलगट भागांत कापड वरून ताणून न बसवता आधी खोलात दाबून मग पुढे न्यावे लागते. ताणून बसवलेले कापड काही दिवसांनी तेथेच उचलते.

पुन्हा बसवणे: आसंजक पूर्ण वाळल्यावर जादा कापड कडेवरून मागे वळवून चिकटवतात. दिव्याच्या व मुठींच्या भोकांवर फुलीच्या आकाराची चीर देऊन कापडाची टोके मागे वळवतात. त्यानंतर काढण्याच्या उलट क्रमाने सर्व भाग जागेवर बसवतात.

कमानींवरील अस्तराची दुरुस्ती

जुन्या पद्धतीच्या अस्तरात फोमचा प्रश्न नसतो. तेथे शिवणीचा दोरा कुजणे, कमानी गंजून कापडावर डाग पडणे आणि कडांचा डिंक सुटणे ही कारणे आढळतात. प्रत्येक कमानीची लांबी व वाक वेगळा असू शकतो. म्हणून काढतानाच तिचा क्रमांक व ती कोणत्या भोकात होती, हे लिहून ठेवतात. अनेक गाड्यांत कापडाच्या कडा काचेच्या रबराखाली गेलेल्या असल्याने पुढची व मागची काच काढावी लागते. नवे कापड जुन्याच्या मापाने शिवून कमानींवर चढवतात, आधी मध्यरेषा पक्की करून पुढे-मागे ताणतात आणि बाजू शेवटी चिकटवतात. राहिलेल्या बारीक सुरकुत्या सौम्य उष्णतेने निघतात. साच्यातील अस्तरापेक्षा या कामाला अधिक कौशल्य लागते.

भारतातील परंपरा

भारतात ही कामे आसनांची गादी व आवरणे शिवणारे कारागीर करतात. शहरांत त्यांची दुकाने बहुधा ‘कुशन वर्क्स’ या नावाने ओळखली जातात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी या कलेला वेगळे रूप दिले. फियाट ११०० वर आधारित आणि कुर्ला येथील कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या छताला आतून फुलाफुलांचे, वेलबुट्टीचे, चमकदार रंगांचे आच्छादन लावण्याची प्रथा होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सींची आसने व छते यांसाठी मुंबईच्या जीवनावरील नक्षीकाम केले. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

सुरक्षितता

लोंबणाऱ्या कापडामुळे चालकाला आरशातून मागचे दृश्य दिसत नाही. काचा उघड्या असताना वाऱ्याने ते चालकाच्या चेहऱ्यावरही येऊ शकते. त्यामुळे हा दोष केवळ शोभेचा राहत नाही.

पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत अस्तराच्या कडेला पिना, खिळे किंवा स्क्रू टोचणे धोक्याचे असते. एअरबॅग फुगताना अशी वस्तू प्रवाशाच्या दिशेने फेकली जाऊ शकते. खांबांची आवरणेही मूळ खिट्ट्यांनीच बसवावी लागतात. अशा गाड्यांत फळी काढण्याचे काम जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवणे श्रेयस्कर ठरते.

मोटारीच्या अंतर्भागातील कापड किती वेगाने जळावे यावर नियम आहेत. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या मानकानुसार हा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. भारतात यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. पडद्याचे किंवा पोशाखाचे कापड वापरल्यास ही मर्यादा पाळली जाईल याची खात्री राहत नाही.

आसंजकाची वाफ ज्वलनशील व श्वासास अपायकारक असल्याने फवारणी उघड्या हवेत आणि ज्योतीपासून दूर करतात. फोमचा चुरा व काचतंतू डोळ्यांत, फुप्फुसांत व त्वचेत जाऊ नयेत, यासाठी चष्मा, मुखपट्टी आणि हातमोजे वापरणे आवश्यक असते.