टाके निघाले, पुढे काय?

पोटाचे ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा, तुमचे ऑपरेशन संपले कधी? बहुतेक जण सांगतील, टाके निघाले त्या दिवशी. दवाखान्याच्या फाइलमध्येही तेच लिहिलेले असते. जखम भरली, टाके काढले, रुग्णास घरी सोडले. शरीराचा हिशेब मात्र वेगळा असतो. कातडीखाली, स्नायूंच्या आवरणात, पोटाच्या आतल्या अस्तरावर व्रण घडण्याचे काम पुढे कित्येक महिने चालूच राहते. या व्रणाचे काय करायचे हा प्रश्न वैद्यकाने कधी हाताळला, कधी टाळला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. ती सुमारे दोनशे वर्षांची आहे आणि तिची सुरुवात एका बाईपासून होते.

अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात जेन टॉड क्रॉफर्ड नावाची शेतकऱ्याची बायको होती. तिचे पोट इतके वाढले होते की लोकांना ती गरोदर वाटे. इफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी तपासून सांगितले, ही बीजाशयाची गाठ आहे. ती काढायची तर पोट उघडावे लागेल, आणि असे ऑपरेशन आजवर कुणी यशस्वी केलेले नाही. बाई घोड्यावर बसून साठ मैल दूर डॅनव्हिल गावी डॉक्टरांच्या घरी आली. डिसेंबर १८०९ मध्ये भूल न देता, कारण भूल तेव्हा नव्हतीच, डॉक्टरांनी तिच्या पोटातून सुमारे दहा किलोची गाठ काढली. पाचव्या दिवशी ते तिला पाहायला गेले, तर बाई उभी राहून स्वतःचे अंथरूण आवरत होती! डॉक्टर चकित झाले आणि त्यांनी तिला जपून राहण्याची ताकीद दिली. पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगली.

मंडळी, गंमत अशी की पुढच्या शंभर वर्षांत वैद्यकाने डॉक्टरांची ताकीद लक्षात ठेवली, बाईचे उठणे विसरले. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल आली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक वापरून जखम न पिकू देण्याची पद्धत जगापुढे मांडली. पोट उघडणे हळूहळू नित्याचे झाले. पण ऑपरेशननंतरचा नियम एकच, पडून राहा. दोन आठवडे, तीन आठवडे, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. हललात तर टाके उसवतील अशी भीती होती, आणि त्या काळच्या टाक्यांचा धागा पाहता ती अगदीच खोटी नव्हती.

आता पोटाच्या आत काय होते ते थोडक्यात पाहू. आपल्या आतड्यांवर, गर्भाशयावर आणि पोटाच्या भिंतीवर आतून एक पातळ, ओलसर अस्तर असते. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात. ते उलगडून पसरले तर जवळजवळ अंगावरच्या कातडीइतके भरेल. या अस्तरामुळेच आतडी एकमेकांवरून अलगद सरकतात. ऑपरेशनमध्ये ते दुखावले, कोरडे पडले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला, की त्यावर चिकट स्राव जमतो. शरीराने तो दोनचार दिवसांत विरघळवला, तर अस्तर आठवड्याभरात पूर्ववत होते. विरघळला नाही, तर त्यात तंतू वाढतात, पुढे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूही शिरतात. मग आतडे भिंतीला, बीजनलिका गर्भाशयाला, मूत्राशय जुन्या टाक्यांच्या जागेला चिकटते. डॉक्टरांच्या भाषेत हे ‘ॲढिजन’. आपण चिकट पापुद्रे म्हणू.

ओटीपोटातले असे चिकटलेपण हाताने सोडवावे, असे पद्धतशीरपणे सांगणारा एक प्रसिद्ध माणूस डॉक्टर नव्हताच. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामविद्येची संस्था काढली होती. त्याच परंपरेतला थुरे ब्रांट हा लष्करातला अधिकारी. १८६० नंतर त्याने गर्भाशयाच्या आणि ओटीपोटाच्या विकारांवर मालीश आणि व्यायाम यांची पद्धत बसवली. एक हात बाहेरून पोटावर, दुसऱ्या हाताची बोटे आतून, आणि मधले चिकटलेले भाग हळूहळू ताणून मोकळे करायचे. सोबत मांड्यांचे आणि कटीच्या स्नायूंचे व्यायाम. १८८० च्या दशकात जर्मनीत येना येथील प्राध्यापक बेर्नहार्ड शुल्ट्झे यांनी ब्रांटला बोलावून त्याची पद्धत आपल्या रुग्णालयात तपासून पाहिली. युरोपभर तिचा गाजावाजा झाला.

पण ती टिकली नाही. एक तर शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली आणि महिनोन्‌महिने मालीश करण्यापेक्षा गाठ कापून काढणे सोपे वाटू लागले. दुसरे कारण लाजेचे. बायकांच्या अशा नाजूक जागी, तेही वैद्य नसलेल्या पुरुषाने हात लावावा, हे पुष्कळांना रुचणारे नव्हते. ब्रांटचे सगळेच दावे खरे होते असेही नाही. तरी ऑपरेशनशिवाय ओटीपोटाकडे पाहण्याची एक वाट त्याच्याबरोबर बंद झाली.

लाजेचा हा धागा इंग्लंडमध्येही दिसतो. १८९४ मध्ये तिथल्या एका वैद्यकीय नियतकालिकाने मालीशच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक धंद्यांवर झोड उठवली. तेव्हा परिचर्या आणि सुईणकाम शिकलेल्या चार स्त्रियांनी पुढे येऊन प्रशिक्षित मालीशकार स्त्रियांची संस्था काढली. नियम कडक होते. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालीश नाही, पुरुषांना सर्वसाधारण मालीश नाही, वैद्यकीय पत्रांखेरीज कुठे जाहिरात नाही. हीच संस्था पुढे ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संस्था झाली. व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली, ती मर्यादा पाळून. हात, पाय, पाठ, छाती यांवर काम वाढत गेले. ओटीपोट मात्र बराच काळ दूरच राहिले.

इकडे अंथरुणाचा नियम ढिला होत होता. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ मध्येच लिहिले होते की पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्णाला लवकर उठवावे, लवकर खायला द्यावे. फारसे कुणी ऐकले नाही. मग १९३८ मध्ये डेट्रॉइटचे सर्जन डॅनियल लाइटहाउझर यांचा एक अपेंडिक्सचा रुग्ण दुसऱ्याच दिवशी घरी जायला निघाला. त्याला काहीच झाले नाही, उलट तो इतरांपेक्षा लवकर बरा झाला. लाइटहाउझर यांनी तो धडा घेतला आणि पुढच्या रुग्णांना लवकर चालवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडल्या, परिचारिका कमी पडल्या, आणि गरजेपोटी ही रीत सगळीकडे पसरली. १९४७ मध्ये लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसे भरतात, स्नायू वाळतात हे त्यांनी ठणकावून सांगितले. चालण्याने पोटातले पापुद्रे टळतात असे मात्र सिद्ध झालेले नाही. ती आशा वेगळी आणि पुरावा वेगळा.

पापुद्र्यांचा खरा अभ्यास केला तो इंग्लंडचे सर्जन हॅरॉल्ड एलिस यांनी. तोवर समज असा की अस्तराला भोक राहिले की तिथे आतडे चिकटते, म्हणून ते ओढूनताणून शिवायचे. १९६२ मध्ये एलिस यांनी प्रयोगातून दाखवले की उघडे राहिलेले अस्तर आपोआप छान भरते. उलट ओढून शिवल्याने रक्तपुरवठा तुटतो आणि तिथेच पापुद्रे धरतात. १९९० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने नोंदवले की आधी पोटाचे ऑपरेशन झालेल्या ज्या रुग्णांचे पोट पुन्हा उघडावे लागले, त्यांतल्या ९३ टक्के जणांत पापुद्रे होते. १९९९ मध्ये स्कॉटलंडच्या सुमारे तीस हजार रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. पोटाचे किंवा ओटीपोटाचे उघडे ऑपरेशन झालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांना, पापुद्र्यांमुळे असू शकेल अशा कारणासाठी किंवा पुन्हा पोट उघडण्यासाठी, सरासरी दोनदा रुग्णालयात यावे लागले होते.

मग पापुद्रे कापून काढावेत का? आतडे अडकले असेल तर कधी कधी तेच करावे लागते. पण नुसत्या जुनाट दुखण्यासाठी? नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांवर चाचणी झाली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांचे पापुद्रे दुर्बिणीतून कापले, निम्म्यांच्या पोटात दुर्बीण घालून फक्त पाहिले. वर्षभराने दोन्ही गटांना सारखेच बरे वाटत होते. जे सुरीमुळे होते, ते पुन्हा सुरी लावून सुटत नाही, हे त्यातून कळले.

सुरीला इथे मर्यादा पडल्यावर हाताकडे पुन्हा लक्ष जाणे साहजिक होते. तसे हाताचे काम पूर्ण थांबले नव्हतेच. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या मिनी रँडेल आणि नृत्यशिक्षिका मार्गारेट मॉरिस यांनी बाळंतिणींसाठी आणि ऑपरेशननंतरच्या रुग्णांसाठी व्यायाम बसवले, त्यावरचे पुस्तक १९३६ मध्ये आले. १९४८ मध्ये अमेरिकेत आर्नल्ड केगेल यांनी कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेत स्त्रीआरोग्याचा स्वतंत्र विभाग झाला. तिथून पुढे व्रणावर हाताने उपचार करणाऱ्यांची संख्या वाढली, आणि दावेही वाढले. आतले पापुद्रे सुटतात, वंध्यत्व जाते, आतडे मोकळे होते, असे काही केंद्रांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदींवरून लिहिले. अशा नोंदी आशा दाखवतात, पण त्यांतून शेवटचा शब्द मिळत नाही.

२०१२ मध्ये जेफ्री बोव्ह आणि सुसान चॅपेल या दोघांनी उंदरांवर प्रयोग केला. ऑपरेशननंतर लगेच पोटाला हाताने हलकी हालचाल दिलेल्या उंदरांत पापुद्रे कमी धरले, ताजे पापुद्रे काही प्रमाणात सुटलेही. ब्रांटच्या कल्पनेत तथ्याचा अंश होता, असे यावरून म्हणता येईल. पण उंदराचे पोट वेगळे, माणसाचे वेगळे, आणि आठवड्याचा ताजा पापुद्रा वेगळा, दहा वर्षांचा पिकलेला वेगळा. माणसाच्या पोटातले जुने पापुद्रे हाताने तुटतात, असे आज कुणी छातीठोकपणे सांगू नये. कातडीखालचा व्रण मऊ होणे, त्या जागेचे दुखणे आणि ओढ कमी होणे, पोटाच्या आणि कटितळाच्या स्नायूंत बळ येणे, एवढ्यासाठी मात्र हे उपचार घेण्यासारखे आहेत.

हे सगळे आपल्याला का सांगायचे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांतले एक सिझेरियनने झाले, गोव्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले असते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पोटावर व्रण घेऊन मोळ्या उचलणाऱ्या या बायकांना पुढे काय, हे कुणी सांगितले असेल?

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, शेकशेगडी, मालीश आणि पोट बांधणे ही रीत होती. सिझेरियन झाले की मालीश करणारी बाई पोटाला हात लावत नाही, आणि सुरुवातीचे आठवडे ते बरोबरच आहे. पण पुढेही कुणीच हात लावत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. तरी आपल्या मनात फिजिओथेरपी म्हणजे मोडलेला हात, लकवा नाही तर गुडघा. टाक्यांची जागा बधिर वाटते, शिंकताना ओढ बसते, संबंधाच्या वेळी दुखते, लघवी थांबवता येत नाही, हे सांगायला बाई लाजते आणि विचारायला डॉक्टरांना वेळ नसतो.

म्हणून घरी जाण्यापूर्वीच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कुशीवर वळून उठायचे कसे? खोकताना उशीने पोट धरायचे कसे? वजन कधीपासून उचलायचे? जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांची परवानगी घेऊन फिजिओथेरपिस्टकडून व्रणाची हलकी हालचाल आणि कटितळाचे व्यायाम शिकून घ्यावेत. जखम लाल झाली, त्यातून पाणी येऊ लागले किंवा ताप आला, तर तिला हात लावू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि जुने ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पोटात कळा येऊ लागल्या, पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर मालीश नको, घरगुती उपाय नकोत, थेट रुग्णालय गाठावे. आतडे अडकले असण्याची ती खूण असते.

टाके काढताना डॉक्टर म्हणतील, झाले, आता तुम्ही मोकळ्या. तेव्हा खुर्चीवरून लगेच उठू नका. ‘पुढे काय?’ एवढे विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)