आवाज गेला, मंडळी राहिली

१/ फेब्रुवारी १९८० मध्ये एसी/डीसी या हार्ड रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट वारला. त्याच वर्षीच्या जुलैत ब्रायन जॉन्सन या नव्या गायकासह 'बॅक इन ब्लॅक' प्रसिद्ध झाला. गायक गेल्यावर वृंदाने काय करावे, हा प्रश्न मराठी संगीत रंगभूमीला मात्र त्याच्या कितीतरी आधी पडला होता.

२/ १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत केशवराव भोसले यांनी 'ललितकलादर्श' मंडळी काढली. मालक तेच, नायक तेच आणि तिकिटे खपत तीही त्यांच्याच गळ्यावर.

३/ ८ जुलै १९२१. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. हा कीर्तीचा कळस होता. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे ३१.

४/ आता मंडळीचे काय? किर्लोस्कर मंडळीचा अनुभव डोळ्यांसमोर होता. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर वारले, १९०५ मध्ये बालगंधर्व आले. ते १९१३ मध्ये बाहेर पडले, मग दीनानाथ मंगेशकर आले. १९१८ मध्ये तेही गेले. दोघांनीही स्वतःच्या मंडळ्या काढल्या. गळा उसना असला की तो केव्हाही उठून जातो.

५/ 'ललितकलादर्श'ची धुरा मंडळीतल्याच एका नटाने उचलली : बापूराव पेंढारकर. ते उत्तम गात. पण केवळ केशवरावांच्या भूमिकांत उभे राहिले असते, तर प्रेक्षकांनी रोज तुलनाच केली असती.

६/ त्यांनी नवे नाटक घेतले. १९२२ चे 'सत्तेचे गुलाम'. लेखक मामा वरेरकर, म्हणजे आमच्या आंजर्ल्याच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्माने चिपळूणचे. नायक वैकुंठ गांधीविचाराने भारलेला, काळाशी थेट बोलणारा. पुढच्याच वर्षी अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचे 'तुरुंगाच्या दारात' आले. पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने घरे खरी वाटू लागली.

७/ यात सारेच नवे नव्हते. वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' केशवरावांच्याच काळात याच मंडळीने रंगभूमीवर आणले होते. बापूरावांनी जपला तो हा धागा. गळ्याची नक्कल नव्हे. एसी/डीसीतही गायक बदलला, पण यंग बंधूंची गिटार तीच राहिली.

८/ १९३७ मध्ये बापूरावही गेले आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. केशवरावांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी जन्मलेले त्यांचे पुत्र भालचंद्र १९४२ मध्ये रंगभूमीवर आले, ते 'सत्तेचे गुलाम'मधला वैकुंठ होऊन. पुढे याच मंडळीने 'दुरितांचे तिमिर जावो' आणि 'पंडितराज जगन्नाथ' दिले.

९/ आपला नाट्येतिहास बहुधा गायकांच्या नावांनी सांगितला जातो. 'ललितकलादर्श'ची कथा त्याला एक दुरुस्ती सुचवते : गायक मंडळीला कीर्ती देतो, तिला आयुष्य देतात ते पुढचे नाटक हाती घेणारे.