शिपाई, गृहपाल, स्वयंपाकीण: मुलांच्या सुरक्षेचे प्रशिक्षण नेमके कोणाला हवे?

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. १९०० साली याच दिवशी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्या शाळकरी दिवसांतली पाण्याची आठवण बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तर पाणी मिळायचे. शिपाई नसला की तहान तशीच राहायची.

या आठवणीच्या मध्यभागी मुख्याध्यापक नाहीत, शिपाई आहे. मुलाचा दिवस कसा जाणार हे शाळेतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या हातात होते. शाळा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी बोलताना आम्ही म्हणूनच तिथून सुरुवात करतो.

यवतमाळमध्ये मूल कोणाच्या हाती असते?

आपल्या जिल्ह्यात १६ तालुके आहेत. जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळा आहेत, पांढरकवडा आणि पुसद प्रकल्पांतील आश्रमशाळा आहेत, समाजकल्याणची मागासवर्गीय वसतिगृहे आहेत. आश्रमशाळेत रात्री ताप आलेल्या मुलीजवळ वर्गशिक्षिका नसते, अधीक्षिका किंवा कामाठी असते. वसतिगृहात गृहपाल असतो. खिचडी वाढणाऱ्या बाईंना कोणते मूल दोन दिवस जेवले नाही हे गुरुजींच्या आधी कळते.

शिवाय हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला जिल्हा. वडील गमावलेले मूल वर्गात मागच्या बाकावर गप्प बसते किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेत येणेच बंद करते. हजेरीत त्याची फक्त गैरहजेरी लागते. त्यामागचे दुःख ओळखणे हे शिकण्याचे काम आहे, आणि ते शिकवावे लागते.

प्रशिक्षण ही मेहरबानी नाही

• पॉक्सो कायदा, २०१२: कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार शिक्षा आहे. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘आधी संस्थेची चौकशी समिती बसवू’ ही पळवाट कायद्यात नाही.

• पॉक्सो नियम, २०२०: मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यावे.

• शिक्षण हक्क कायदा, २००९: कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे.

• सखी सावित्री समिती: १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर ही समिती ठरली. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने ही समिती, तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि कर्मचारी पडताळणीच्या सूचना पुन्हा काढल्या.

• सर्वोच्च न्यायालय, २५ जुलै २०२५: सुकदेब साहा प्रकरणात न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शिक्षक आणि शिक्षकेतर, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक हवा. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव न करता, संवेदनशीलतेने वागायला कर्मचाऱ्यांना शिकवा, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

प्रशिक्षणात काय असावे?

सह्या, चहा आणि फोटो म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आमच्या मते किमान चार गोष्टी यायला हव्यात.

पहिली, ऐकणे. मूल काही सांगू लागले तर मध्ये तोडू नये, पुन्हा पुन्हा तेच विचारू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत.

दुसरी, लक्षणे ओळखणे. अचानक गप्प होणे, एखाद्या व्यक्तीजवळ जायला घाबरणे, वसतिगृहात परतायला नकार, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे. अशा मुलाला एकटे सोडू नये.

तिसरी, पुढची वाट. कोणाला फोन करायचा, कोणत्या दवाखान्यात न्यायचे, पालकांना कसे सांगायचे, हे भिंतीवर लिहिलेले असावे.

चौथी, जात. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असे भर वर्गात पुकारणे, झाडलोट ठरावीक मुलांकडूनच करून घेणे, आडनावावरून टोमणे मारणे, हा मानसिक छळच आहे. बहुतेक प्रशिक्षणांत नेमका हाच धडा गाळला जातो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे जातीवरून जाहीर अपमान झाल्यास अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आपल्या मुलांनाही आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या वस्तीतील आईबापांना तिथे बसवा. मग बैठकीत विचारा: शेवटचे प्रशिक्षण कधी झाले? शिपाई, स्वयंपाकी, चौकीदार हजर होते का? पडताळणी झाली का? सखी सावित्री समितीत कोण आहे? तक्रारपेटी कोण उघडते?

उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपये फी आहे आणि ३० दिवसांची मुदत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि केंद्राच्या शिक्षण परिषदा आहेतच. हा विषय तिथे घ्या, अशी लेखी मागणी करा.

एक सावधगिरी आम्ही आपल्याच तरुणांना सांगतो. अत्याचार झाला की संतापाच्या भरात मुलीचे नाव, फोटो, शाळेचे नाव समूहांवर फिरते. पीडित मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणे हा पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे, आणि त्याची झळ त्या मुलालाच बसते. मोर्चा काढा, पण मुलाचे नाव झाकून.

हे क्रमांक प्रत्येक बुद्धविहाराच्या फलकावर लिहा: चाइल्डलाइन १०९८, मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६, तातडीची मदत ११२.

तो नळ आज खुला आहे, पण मूल ज्याच्याकडे पहिल्यांदा धाव घेते तो माणूस अजूनही बहुधा शिपाई, अधीक्षिका किंवा स्वयंपाकीणच असते. त्यांना शिकवल्याशिवाय शाळा सुरक्षित झाली असे आम्ही मानणार नाही.

जयभीम!