केसाळ काउंटाचे वतन

बार्सिलोनात ११ सप्टेंबरच्या, म्हणजे कातालोनियाच्या राष्ट्रीय दिनाच्या मोर्चात पिवळ्यावर चार तांबडे पट्टे असलेली निशाणे हटकून दिसतात. त्यांची कथा अशी : नवव्या शतकात काउंट गिफ्रे लढाईत घायाळ होऊन पडला, फ्रँकांचा राजा टकला चार्ल्स त्याला पाहायला आला, जखमेच्या रक्तात त्याने चार बोटे बुडवली आणि गिफ्रेच्या सोनेरी ढालीवर ओढली. हाच ‘केसाळ’ गिफ्रे फ्रँकांचे जोखड झुगारून कातालोनियाचा पहिला स्वतंत्र धनी झाला, असा रूढ पक्ष आहे.

ढालीच्या गोष्टीवर फार शाई खर्चायला नको. चार्ल्स ८७७ साली वारला आणि गिफ्रेला बार्सिलोना मिळाले ८७८ मध्ये. ढालीवर घराण्याचे चिन्ह रंगवण्याची चालच मुळी बाराव्या शतकातली, आणि ही कथा लिहून ठेवणारा बेउतेर तर सोळाव्या शतकातला.

वंशाची कथा जुनी आहे, म्हणून तिचा समाचार नीट घ्यायला हवा. गिफ्रे जिथे पुरला गेला त्या रिपोलच्या मठातल्या भिक्षूंनी बाराव्या शतकात या घराण्याची बखर लिहिली. तीत बापाचे नावही गिफ्रेच. फ्रँकांनी बापाला मारले, पोर फ्लँडर्सच्या काउंटाकडे वाढले, परत आल्यावर आईने त्याला ओळखले ते माणसाला जिथे केस नसतात तिथल्या केसांवरून. पुढे मूर चालून आले. राजाला मदत जमेना, तेव्हा तो म्हणाला, एकट्याने हाकललेस तर मुलूख तुझ्या वंशाकडे कायमचा.

समकालीन दस्तऐवजांत बाप आहे सुनिफ्रेड, आई एर्मेसेंदा. सुनिफ्रेड उर्जेल-सेर्दान्याचा आणि नंतर बार्सिलोनाचा काउंट होता, तोही राजाच्या नेमणुकीने. त्याला कार्कासोनचा काउंट बेलो याच्याशी जोडणारा दुवा अनुमानाचा आहे. पण घराणे सरकारी चाकरीतले होते, याला त्याने बाध येत नाही. खुद्द गिफ्रेला ८७० मध्ये उर्जेल आणि सेर्दान्या त्याच टकल्या चार्ल्सने दिले. बार्सिलोना मिळाले ते गोथियाचा बेर्नार बंड करून पदावरून गेला म्हणून, आणि देणारा होता तोतरा लुई. जोखड झुगारणे दूरच, बंडखोराची रिकामी जागा राजनिष्ठाने भरली.

मग भिक्षूंनी कथा का रचली? माझ्या मते ती पराक्रमाची गोष्ट नाही, हक्काचा कागद आहे. नेमणूक हुकमाने येते आणि हुकमाने जाते. वतन लेकाला मिळते. बाराव्या शतकातल्या काउंटांना नेमणुकीचे वतन कधी झाले ते दाखवायचे होते, आणि तसा हुकूम दप्तरात नव्हता. बखरीतल्या राजाने तो तोंडी दिला.

खरे घडले ते इतके नाट्यमय नाही. फ्रँक राजे आपसातल्या कटकटींत गुंतले आणि दक्षिणेत माणसे नेमायला उसंत उरली नाही. ८९७ मध्ये गिफ्रे मुसलमान सरदार लुब इब्न मुहम्मदशी लढताना पडला आणि मुलांनी प्रदेश आपसांत सांभाळले. तरीही इथल्या दस्तांवर फ्रँक राजांची राजवर्षे ११८० पर्यंत पडत राहिली, आणि फ्रान्सने हक्क लेखी सोडला तो १२५८ मध्ये, कोर्बेयच्या तहात.

गिफ्रेचे कर्तृत्व पाहायचे तर ओसोनाचा पठारी मुलूख आणि त्याच्या वरच्या अंगाची खोरी पाहावीत. ८२७ च्या सुमाराच्या बंडाने हा भाग विस्कटला होता. गिफ्रेने तिथे लोक वसवले, किल्ले घातले, मठ उभे केले. सांत जुआनचा मठ त्याने आपल्या एम्मा नावाच्या लहान मुलीसाठी घातला. ९१३ मध्ये खोऱ्यावरच्या हक्कावरून एम्माला आपल्या भावांपुढे उभे राहावे लागले, तेव्हा आपल्याकडचा महजर आठवावा असा कागद झाला : जवळजवळ पाचशे रहिवाशांची नावे त्यात आहेत. तुमच्या वडिलांनी हे खोरे ताब्यात घेतले, आम्हाला इथे वसवले आणि मठाला दिले, अशी त्यांची साक्ष. मठाधिपतीणबाईंना जे हवे तेच ते बोलले असतील, हे खरे. पण वडिलांचा हक्क सांगताना त्यांनी ना ढालीचे नाव काढले, ना राजाने दिलेल्या वचनाचे.