विद्या, व्यवहार आणि दान

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. जोन स्पेरो या अमेरिकन विदुषीची वाटचाल पाहिली की ही समजूत पुन्हा तपासून पाहावीशी वाटते.

डॉ. आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथे १९७० च्या दशकात स्पेरो राज्यशास्त्र शिकवत होत्या. आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे सैन्य, सरहद्दी आणि तह, असेच तेव्हा बहुतेक अभ्यासक मानत. स्पेरो यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात व्यापार, चलन आणि कर्ज यांमागचे राजकारण उलगडून दाखवले. १९७४ मध्ये अमेरिकेतली फ्रँकलिन नॅशनल बँक बुडाली. एक बँक कोसळली की देशोदेशीच्या बँकांना हादरा कसा बसतो, हे त्यांनी १९८० च्या पुस्तकात मांडले.

त्यानंतर त्या संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत अमेरिकेच्या राजदूत झाल्या. १९८१ पासून सुमारे बारा वर्षे अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीत वरिष्ठ पदांवर होत्या. १९९३ ते १९९७ या काळात क्लिंटन सरकारच्या परराष्ट्र खात्यात त्यांनी आर्थिक व्यवहार सांभाळले. जे पुस्तकात लिहिले, ते प्रत्यक्ष हाताळून पाहिले.

१९९७ मध्ये त्या डोरिस ड्यूक प्रतिष्ठानच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. डोरिस ही तंबाखूच्या व्यापारातल्या अफाट संपत्तीची वारस. १९३५ मध्ये मधुचंद्राच्या प्रवासात ती भारतात आली आणि ताजमहाल पाहून भारावली. पुढे तिने होनोलुलूत ‘शांग्री-ला’ हे घर बांधले. तिच्या शयनगृहासाठी जाळीकाम आणि पच्चीकारी केलेला संगमरवर भारतात घडवला गेला. १९९३ मध्ये ती गेली. मृत्युपत्रात कलावंत, निसर्ग, मुले आणि प्राण्यांवर प्रयोग न करता होणारे वैद्यकीय संशोधन, यांसाठी तिने संपत्ती ठेवली. आणि हे घर इस्लामी कलेच्या अभ्यासासाठी.

वक्फ करणाऱ्याची अट पाळणे हे मुतवल्लीचे पहिले कर्तव्य, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण अटीची अक्षरे पाळणे सोपे. तिच्यातला जीव ओळखणे कठीण. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत मुसलमान या शब्दाभोवती संशय दाटला होता. नेमक्या त्याच काळात, नोव्हेंबर २००२ मध्ये, स्पेरो अध्यक्ष असताना शांग्री-लाचे दरवाजे सर्वसामान्यांसाठी उघडले. इराणी फरशा, सीरियातले लाकूडकाम आणि आपल्या कारागिरांनी कोरलेला संगमरवर लोक जवळून पाहू लागले. एका घराने संशय मिटत नाही, हे खरे. पण ज्या हातांनी ही नक्षी कोरली, त्या हातांविषयी पाहणाऱ्याच्या मनात कुतूहल तरी जागे होते.

स्पेरो २००८ पर्यंत त्या पदावर होत्या. पैसा देणे हातचे असते. तो कुठे, केव्हा आणि कशासाठी द्यावा, हे कळायला मात्र जग वाचलेले असावे लागते. दानाला विद्येची सोबत लागते, ती इथेच.